गोलमेज कोणी मोडले?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘गोलमेज’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो १९३० ते १९३२ या काळात लंडनमध्ये भरलेल्या तीन परिषदांमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही परिषदांना उपस्थित होते. महात्मा गांधी केवळ दुसऱ्या परिषदेला गेले. मेजाभोवती बसलेल्यांत एक राज्यकर्ता होता आणि समोर त्याच्या अमलाखालच्या देशाचे लोक होते. मेजाचा आकार गोल केल्याने समता अवतरत नाही, हा धडा भारताला त्या परिषदांनी दिला. तथापि ज्या कल्पनेवरून हा शब्द आला ती कल्पना थोर आहे. ब्रिटनच्या दंतकथांतील राजा आर्थर याच्या सरदारांचे मेज गोल होते, कारण गोल मेजाला मानाची बाजू नसते. तेथे बसणाऱ्याला कोणाच्या वर किंवा कोणाच्या खाली बसता येत नाही.

ते मेज, तो राजा, त्याची राणी ग्विनेव्हियर आणि त्या दोघांनाही प्रिय असलेला सरदार लान्सलॉट यांची कथा हॉलिवुडने १९९५ साली ‘फर्स्ट नाइट’ या चित्रपटातून नव्याने सांगितली. यातील ‘नाइट’ म्हणजे रात्र नव्हे, घोडेस्वार सरदार. दिग्दर्शक जेरी झकर. शॉन कॉनरी राजा, ज्युलिया ऑर्मंड राणी आणि रिचर्ड गिअर लान्सलॉट. पैसा मुबलक, नट नामवंत, संगीत जेरी गोल्डस्मिथसारख्या जाणकाराचे. एवढी सिद्धता असूनही हा चित्रपट प्रेक्षकाला रिकाम्या हाताने परत पाठवितो. ही निराशा केवळ कलेची असती तर अभ्यासवर्गाचा वेळ तिच्यासाठी खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु समतेच्या पायावर उभी राहिलेली संघटना कशाने मोडते, हा या कथेचा गाभ्याचा प्रश्न आहे. चित्रपटाने तो प्रश्नच कथेतून काढून टाकला. म्हणून त्याची चर्चा राजकीय कार्यकर्त्यांनी करणे अगत्याचे ठरते.

प्रथम मूळ कथेकडे वळावे. मॉन्मथच्या जेफ्रीने ११३६च्या सुमारास लॅटिनमध्ये आर्थरचे चरित्र इतिहास म्हणून सांगितले. त्यात गोल मेज नाही. ते प्रथम येते वास या कवीच्या ११५५ सालच्या काव्यात. त्यानंतरच्या लायामन या इंग्रजी कवीने मेजाच्या जन्माची जी हकीकत दिली आहे, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मेजवानीत मानाच्या जागेवरून सरदारांत भांडण जुंपले आणि रक्त सांडले. पुढे कॉर्नवॉलमध्ये एक कुशल सुतार राजाला भेटला आणि म्हणाला की सोळाशेहून अधिक माणसे एका बरोबरीने बसतील असे मेज आपण घडवून देऊ. म्हणजे समतेचे हे आसन कोणा धर्मगुरूच्या किंवा तत्त्वज्ञाच्या नव्हे, तर एका कारागिराच्या बुद्धीतून आणि हातांतून निघाले, असे तेराव्या शतकाच्या आसपासच्या कवीला वाटले. ज्या समाजात प्रत्येक माणसाचे स्थान जन्माने ठरलेले होते, त्या समाजाच्या कवीने केलेली ही कल्पना सामान्य नव्हे.

राणी आणि लान्सलॉट यांच्या प्रेमाची कथा फ्रान्समधून आली. ११८०च्या सुमारास क्रेतियँ द त्रोआ या कवीने शांपान्यची सरदारीण मारी हिच्या आश्रयाने ‘गाडीतला सरदार’ हे काव्य रचले. मेलेआगाँ नावाचा राजपुत्र राणीला पळवून नेतो. लान्सलॉट तिच्या शोधात निघतो. त्याचा घोडा मरतो. वाटेत त्याला एक गाडी भेटते. ही गाडी चोर, खुनी आणि राजद्रोही यांची गावोगाव धिंड काढण्यासाठी वापरली जाई. जो तीत बसला त्याची अब्रू गेली आणि त्याचे सारे हक्क गेले. लान्सलॉट दोन पावले घुटमळतो आणि मग गाडीत चढतो. पुढे तो धारेच्या तलवारीचा पूल उघड्या हातापायांनी, रक्तबंबाळ होऊन ओलांडतो; तरीही राणी त्याच्यावर रुष्टच असते. कारण काय? तर ती दोन पावले. प्रेमापुढे प्रतिष्ठेचा विचार त्याने दोन पावलांपुरता का होईना, पण केला!

याच काव्यात आणखी एक सूत्र आहे. मेलेआगाँच्या बापाच्या राज्यात आर्थरच्या देशातील असंख्य माणसे बंदिवान होऊन पडली आहेत. तेथला रिवाज असा की कोणी एक जण त्या राज्यातून निर्वेधपणे बाहेर पडू शकला, तर बाकी सर्वांनाही बाहेर पडण्याची मोकळीक मिळावी. म्हणून राणीची सुटका ही एका स्त्रीची सुटका राहात नाही. तिच्याबरोबर एक बंदिवान जनता मुक्त होते. दरबारी कवीच्या शृंगारकथेतही लोकांचे दुःख असे वाट काढून येते. याच कवीच्या ‘इव्हँ’ या काव्यात एका गढीत कोंडलेल्या तीनशे मुली रेशमाचे आणि जरीचे काम करीत आहेत. त्या अर्धपोटी आहेत, त्यांची वस्त्रे फाटलेली आहेत, आणि आपल्या श्रमावर आपला धनी श्रीमंत होतो, हे त्यांच्याच तोंडून कवीने वदविले आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाश्रित कवीला जे दिसले, ते विसाव्या शतकातील कोट्यवधींच्या कॅमेऱ्याला दिसू नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

या सर्व कथांना इंग्रजीत अखेरचे रूप दिले ते सर थॉमस मॅलरी याने. त्याने आपला ग्रंथ १४६९-७०च्या सुमारास तुरुंगात पुरा केला आणि विल्यम कॅक्स्टनने तो १४८५ साली छापला. इंग्लंडमधील दोन राजघराण्यांतील यादवीचा तो काळ. कालचे सोबती आज एकमेकांच्या विरुद्ध उभे ठाकलेले मॅलरीने पाहिले होते. म्हणूनच त्याच्या ग्रंथाचा शेवट एवढा दारुण आहे. राणी आणि लान्सलॉट यांचे प्रेम उघडकीस येते. कायदा राणीला जाळण्याची शिक्षा सांगतो. राजाचे तिच्यावर प्रेम आहे, परंतु कायदा त्याचा स्वतःचा आहे. लान्सलॉट तिला सोडवायला धावून येतो आणि त्या गर्दीत निःशस्त्र उभा असलेला गॅरेथ त्याच्या हातून मारला जातो. ज्याला लान्सलॉटने स्वतः सरदारकी दिली होती, असा तो तरुण. गॅरेथचा भाऊ गॉवेन हा लान्सलॉटचा जिवलग मित्र. तो सूडाने पेटतो आणि राजाला युद्धात ओढतो. राजा परदेशी लढत असता मॉर्ड्रेड मागे राज्य बळकावतो. अखेरच्या लढाईत सारे संपते. राणी जोगीण होते, लान्सलॉट विरक्त होऊन मरतो.

या कथेत दुष्ट माणसे आहेत. पण मेज मोडते ते केवळ त्यांच्या दुष्टपणामुळे नव्हे. राजा न्यायाला धरून आहे, लान्सलॉट प्रेमाला धरून आहे, गॉवेन रक्ताच्या नात्याला धरून आहे. प्रत्येकाची निष्ठा खरी आहे आणि या खऱ्या निष्ठाच परस्परांवर आदळतात. चांगल्या माणसांच्या हातून चांगली संस्था कशी मोडते, याची इतकी निर्दय मीमांसा जुन्या वाङ्मयात विरळा.

आता चित्रपटाने काय केले ते पाहावे. त्याने मॉर्ड्रेड काढला, गॉवेनचा सूड काढला, धिंडीची गाडी काढली, बंदिवान जनतेचा रिवाजही काढला. उरला मॅलॅगंट नावाचा एक खलनायक. तो एके काळी याच मेजावर बसत होता, असे चित्रपट सांगतो खरा; पण तो मेज सोडून का गेला, याचे उत्तर सत्तेची हाव एवढ्यावर आटोपते. तो गावे जाळतो, राणीला पळवितो, शेवटी कॅमेलॉटवर चालून येतो. साऱ्या अरिष्टाचे मूळ एका बाहेरच्या माणसात सापडले की आतल्यांना आत्मपरीक्षण करण्याची गरज राहात नाही. त्याला मारले की प्रश्न सुटला!

तलवारीच्या पुलाचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या जागी कॅमेलॉटच्या जत्रेतील एक यंत्र आले. फिरत्या कुऱ्हाडी आणि झुलते गोळे चुकवीत लान्सलॉट त्यातून धावतो, जमाव टाळ्या वाजवितो आणि बक्षीस म्हणून राणीच्या चुंबनाची घोषणा होते. जिथे प्रेमासाठी अब्रू आणि रक्त द्यावे लागत होते, तिथे आता चपळाई दाखवून पारितोषिक मिळते. एका युगाची कसोटी दुसऱ्या युगात करमणुकीचा खेळ कशी होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

लान्सलॉटच्या कुळाबाबत चित्रपटाने केलेला बदल प्रथमदर्शनी स्वागतार्ह वाटतो. दंतकथेतील लान्सलॉट राजपुत्र आहे. चित्रपटातील लान्सलॉट गावोगाव तलवारीचे खेळ करून नाणी मिळविणारा, घरदार जळालेला अनाथ आहे. असा मनुष्य गोलमेजावर बसतो तेव्हा त्याच्याबरोबर जळालेल्या गावांचा आवाजही तेथे पोचेल, अशी अपेक्षा होते. तसे काही घडत नाही. तो एकटा वर चढतो. ज्या थरातून तो आला तो थर जागच्या जागी राहतो. गुणी व्यक्तीला वर घेण्याची सोय असणे आणि समता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला दुसरीचे नाव देणे ही भांडवली संस्कृतीची जुनी हातचलाखी आहे. मेजावर परस्परांच्या सेवेत स्वातंत्र्य असल्याचे ब्रीद मिरविले जाते. पण ज्यांची घरे जळतात, त्यांना या मेजावर जागा नाही आणि चित्रपटात सलग चार वाक्येही नाहीत. ते पळतात, कोंडले जातात, सुटतात आणि जयजयकार करतात.

राणीचेही तसेच. आरंभी ती लायोनेस या मुलखाची स्वामिनी आहे, प्रजेत मिसळून चेंडू खेळणारी आहे. आर्थरविषयीचा आदर आणि आपल्या मुलखाच्या रक्षणाची चिंता, दोन्ही मनात ठेवून ती विवाहाला संमती देते. एका राज्यकर्त्या स्त्रीपुढचा हा खरा पेच आहे. परंतु त्यानंतर तिला पळविले जाते, सोडविले जाते, पुन्हा वाचविले जाते. निर्णय घेण्याचे तिचे काम संपते. अखेरीस मरणोन्मुख राजा कॅमेलॉट आणि ग्विनेव्हियर दोन्ही लान्सलॉटच्या स्वाधीन करतो. राज्य आणि स्त्री एकाच हाताने दुसऱ्याला देता येतात, ही सरंजामी कल्पना मॅलरीतही आहे. तेथेही राजा राणी गमावल्यापेक्षा सरदार गमावल्याचे दुःख अधिक करतो. पण मॅलरीची राणी शेवटी आपला मार्ग आपण निवडते आणि लान्सलॉटलाही परत पाठविते. पाचशे वर्षांनंतरच्या चित्रपटाने तिच्याकडून तेवढेही स्वातंत्र्य काढून घेतले.

सर्वांत मोठी पळवाट खटल्याच्या प्रसंगी आहे. कॅमेलॉट सोडून जाण्यास निघालेला लान्सलॉट राणीचा निरोप घेतो, ते चुंबन राजाच्या दृष्टीस पडते, आणि राजा दोघांचा खटला भर चौकात, लोकांसमक्ष चालविण्याचे ठरवितो. या एका ठिकाणी चित्रपट खऱ्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर येतो. राजाचा कायदा राजाच्या घरालाही लागू आहे काय? न्याय आणि ममता यांत निवड करावी लागली तर आर्थरसारख्याने काय निवडावे? शॉन कॉनरीच्या चेहऱ्यावर ती व्यथा क्षणभर खरोखर दिसते. आणि नेमक्या त्याच क्षणी मॅलॅगंटचे सैन्य चौकात शिरते! निकाल लागत नाही. राजा लोकांना लढण्याची हाक देतो आणि बाण लागून कोसळतो. लान्सलॉट खलनायकाला मारतो, राजा मरतो, प्रेमिकांचा मार्ग मोकळा होतो. कोणालाही निवड करावी लागली नाही आणि कोणालाही किंमत द्यावी लागली नाही. तीन चांगल्या माणसांच्या पेचाचे उत्तर एका सोयीस्कर मृत्यूने दिले गेले.

कोणी म्हणेल, व्यापारी चित्रपटाकडून यापेक्षा अधिकाची अपेक्षा का करावी? ही शंका रास्त आहे. परंतु हीच कथा पडद्यावर प्रामाणिकपणे सांगणे अशक्य नाही, हे इतरांनी सिद्ध केले आहे. रॉबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७४ साली ‘लान्सलो द्यु लाक’ हा चित्रपट काढला. त्यात नामवंत नट नाहीत. मोहीम फसून परतलेले, आपसांत संशयाने पोखरलेले सरदार आहेत, आणि शेवटी रानात पडलेला चिलखतांचा ढीग आहे. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनमधील ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी कलावंतांनी आर्थरची थट्टा करणारा चित्रपट काढला. त्यात चिखलात राबणारा एक शेतकरी राजाला सरळ विचारतो की तुला राजा कोणी केले. ‘फर्स्ट नाइट’च्या दोन तासांत हा साधा प्रश्न कोणाच्याही ओठावर येत नाही.

असे प्रश्न गाळणे निरुपद्रवी नसते, कारण दंतकथा हे राज्यकर्त्यांचे नेहमीच आवडते हत्यार राहिले आहे. आर्थर मुळात परकीय आक्रमणाशी झुंजणाऱ्या ब्रिटन लोकांचा, म्हणजे वेल्सच्या पूर्वजांचा वीर. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८२-८३ मध्ये वेल्स जिंकले आणि आर्थरचा म्हणून पूजला जाणारा मुकुटही नेला. त्याच्याच काळात बनविलेले सुमारे अठरा फूट व्यासाचे गोल मेज विंचेस्टरच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेले आहे. पुढे आठव्या हेन्रीने ते रंगवून घेतले आणि त्यावर सिंहासनस्थ राजाचे चित्र काढविले. ज्या मेजाला मानाची बाजू नसावी म्हणून ते गोल झाले, त्यालाच डोके फुटले. आणि भिंतीवर टांगल्यामुळे त्याभोवती बसण्याची सोयही उरली नाही! विसाव्या शतकात अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर, १९६३च्या अखेरीस, त्यांच्या पत्नीने एका मुलाखतीत त्यांच्या कारकीर्दीला कॅमेलॉटची उपमा दिली आणि ती अमेरिकेच्या मनात घर करून बसली. त्याच कारकीर्दीत व्हिएतनाममधील अमेरिकी लष्करी सल्लागारांची संख्या एक हजाराच्या आतून सुमारे १६,००० वर गेली होती. दंतकथेच्या उजेडात ती दिसेनाशी झाली.

आता शेवटचा आणि जवळचा मुद्दा. समतेचे मेज मांडून त्याभोवती बसण्याचा प्रयत्न भारतातील समाजवाद्यांनीही केला. १९५२ साली समाजवादी पक्ष आणि किसान मजदूर प्रजा पक्ष एकत्र आले. १९५५ साली डॉ. लोहिया आणि त्यांचे सहकारी वेगळे झाले. १९६४ साली पुन्हा एकत्र येण्याचा प्रयत्न झाला आणि तोही टिकला नाही. १९७७ साली जनता पक्षात सारे सामील झाले, आणि १९७९ साली दुहेरी सदस्यत्वाच्या वादात तो पक्ष फुटला. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी मॅलॅगंट दाखविला गेला. बाहेरचे शत्रू होते, यात संशय नाही. सत्ता आणि संपत्ती यांनी ही मेजे मोडण्याचा यत्न सतत केला. पण प्रत्येक फुटीच्या वेळी मेजाच्या दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे बसलेली होती, एकमेकांसाठी तुरुंगात गेलेली होती. त्यांच्या निष्ठा एकमेकींवर आदळल्या तेव्हा त्यांचा निवाडा करणारी रीत संघटनेने घडविली नव्हती. ज्या कार्यकर्त्यांनी वाड्यावस्त्यांवर पायपीट करून ते मेज वाहून नेले होते, त्यांना तर कोणी विचारलेच नाही.

हे ओळखण्याचे धैर्य देणारी कथा हवी असेल तर ती मॅलरीत आहे, ब्रेसाँत आहे. ‘फर्स्ट नाइट’ ते धैर्य देत नाही. दोष नेहमी बाहेरच असतो, अशी ग्वाही देऊन तो प्रेक्षकाला निश्चिंत घरी पाठवितो. अशी निश्चिंती व्यापाऱ्याला परवडते, परिवर्तनाच्या चळवळीला परवडत नाही. कार्यकर्त्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा आणि चौकातील खटल्यापाशी थांबून आपापसांत विचारावे, की मॅलॅगंट त्या क्षणी आला नसता तर काय झाले असते? राजाने काय करायला हवे होते? आणि चौकात जमलेल्या लोकांना निवाड्याचा अधिकार असता तर त्यांनी कोणता कौल दिला असता? या प्रश्नांवर प्रत्येक शाखेत एक संध्याकाळ मनमोकळी चर्चा झाली, तरी त्या कॉर्नवॉलच्या सुताराचे श्रम वाया गेले नाहीत, असे म्हणता येईल.